पापणी गावाची, तार शालिकची

माझी सासू हयात होती तोवर मी नेमकी कसली नोकरी करते हे तिला काही कळलं नाही. एकोडीत, माझ्या सासरच्या गावी, कोणी विचारलं की ती सांगायची, "आमची सून मुंबईले मशीनचे चित्र तपासते." विचारणारी बाई म्हणायची, "चित्र तपासाचा पगार देतेत?" त्यावर सासू म्हणायची, "सरकार हाये बाई, कायचाही देते." पुढे मी प्रशिक्षणात, कॉलेजातल्या मुलांपुढे माझ्या कामावर पुष्कळ भाषणं ठोकली, पण याच्याहून नेमकं मला काही बोलता आलं नाही.

मी पेटंट कार्यालयात परीक्षक होते. यंत्रं माझ्या वाट्याला यायची: पंप, कुलपं, शिवणयंत्रं, कॅमेरे. कोणी काही नवं बनवलं की तो सरकारकडे अर्ज करतो, की बाबांनो, हे माझ्या डोक्यातून निघालं आहे, काही वर्षं दुसऱ्या कोणाला बनवू देऊ नका. सरकार म्हणतं, बघतो. ते बघणं म्हणजे मी. हे खरंच नवीन आहे का, की कोणाही मिस्त्रीला सहज सुचलं असतं, आणि मुळात ते चालतं का, एवढं मी पाहायची. यातलं नवेपण सगळ्यात वाईट. कारण अर्जाच्या आधी जगात कुठेही, कोणीही ती गोष्ट छापली असेल किंवा चारचौघांत दाखवली असेल, तर ती नवी राहत नाही. आणि त्या 'कोणीही'मध्ये खुद्द अर्जदारही येतो. आपली वस्तू आपणच आधी मिरवली की गेलं पेटंट. आधी अर्ज करायचा, मग मिरवायचं. हा कायदा ज्यानं केला तो आमच्या भागात कधी आला नसावा. आमच्याकडे नवी सायकल घेतली तरी ती आधी गावभर फिरते आणि मग घरी येते.

आमच्या जिल्ह्यातून अर्ज क्वचितच यायचे, पण आले की जपून ठेवावेत असे यायचे. दिघोरीच्या एका गृहस्थांचं यंत्र होतं. तलावाचं पाणी चाकावर पडणार, चाक पंप चालवणार, पंप तेच पाणी परत तलावात टाकणार, आणि उरलेल्या जोरावर धान कांडायची गिरणी चालणार. मी विचारलं, हा उरलेला जोर आला कुठून? त्यांनी कळवलं, मारुतीच्या कृपेनं. मी नियमाप्रमाणे लिहिलं की यंत्राला लागणारा प्रत्येक भाग चित्रात दाखवावा आणि त्याला क्रमांक द्यावा. महिनाभरात नवं चित्र आलं. वरच्या कोपऱ्यात गदेसह मारुती होता, आणि खाली यादीत लिहिलं होतं: भाग क्रमांक बारा, मारुती. पेटंट काही देता आलं नाही, पण चित्र सुरेख होतं.

शालिकची फाइल आली तेव्हा भंडारा जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाल्याला काही वर्षं लोटली होती. माझं माहेर तिकडे गेलं होतं, सासर इकडे राहिलं होतं, आणि लग्नाच्या पत्रिका पूर्वीइतक्याच येत होत्या. फाइलीवर पत्ता होता, मोहाडी, जिल्हा भंडारा. मी लगेच साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे आमचे नियंत्रक. परीक्षक तपासतो, निकाल नियंत्रक देतो. ते कोकणातले, अतिशय सभ्य. म्हटलं, "साहेब, हा माझ्या जिल्ह्याचा माणूस आहे. फाइल दुसऱ्याला द्यावी."

"तुमचं नातं आहे का?"

"नाही."

"मग? जिल्हा म्हणजे नातं नव्हे, बाई."

"साहेब, तुम्हाला आमचा जिल्हा माहीत नाही," मी म्हणाले. पण फाइल माझ्याकडेच राहिली.

शालिकचा मोहाडीला आठवडी बाजाराजवळ फोटो स्टुडिओ होता. राहायला पलीकडच्या खेड्यात. लग्नं, बारसी, नाटकं, सगळीकडे तो रोलचा कॅमेरा घेऊन फिरायचा. आता मोबाइलवाल्या पिढीला सांगायला हवं, की त्या साध्या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी वेगळी असायची आणि लेन्स वेगळी. लेन्सवर झाकण तसंच राहिलं तरी खिडकीतून नवरा-नवरी छान दिसतात. फोटोग्राफर म्हणतो "हसा", बटण वाजतं, सगळे हसतात, आणि रोल धुतल्यावर कळतं की सगळं वऱ्हाड अंधारात हसलं. यावर त्यानं एक गोल कडी बनवली होती. ती कॅमेरा न उघडता कुठल्याही जुन्या लेन्सवर बाहेरून चढते. तिला पत्र्याच्या दोन पाकळ्या. कडी फिरवली की पाकळ्या उघडतात, उलटी फिरवली की मिटतात. या झाकणाला त्यानं नाव दिलं होतं पापणी. आणि कडीला सायकलच्या स्पोकची एक वाकवलेली तार. पापणी मिटलेली असली की ती तार बटणावर आडवी येते, बोट दाबायला गेलं तरी बटण दबत नाही. पापणी उघडली की तार बाजूला होते. बस, इतकंच. मी ते चित्र पाहून खुर्चीतल्या खुर्चीत हसले. चांगली युक्ती पाहिली की मला हसू येतं, वाईट पाहिली की जांभई.

अर्ज हिंदीत होता, पण भाषा शेतजमिनीची. तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनविसानं लिहून दिला होता आणि त्याला जे येत होतं ते त्यानं घातलं होतं. सदर पापणी अर्जदाराच्या कब्जेवहिवाटीत आहे. तिची चतुःसीमा: पूर्वेस बटण, पश्चिमेस फ्लॅश, उत्तरेस आकाश, दक्षिणेस फोटोग्राफरचा अंगठा. ऑफिसात सगळ्यांनी तो कागद हातोहात फिरवला. मला मात्र त्या अर्जनविसाचं कौतुक वाटलं. पेटंटात 'दावा' नावाचा जो भाग असतो तो चतुःसीमाच असतो. माझी मेर इथून इथवर, याच्या आत पाय टाकायचा नाही. मोठमोठे वकील तेच इंग्रजीत लिहितात आणि त्यात आकाश विसरतात.

मी शोध घेतला. परदेशात आपोआप उघडणारी झाकणं होती, बटण अडवणारीही होती, पण ती कारखान्यातच कॅमेऱ्याच्या पोटात बसवलेली. बाहेरून चढवायची कुठेच सापडली नाही. तरी रीतीप्रमाणे मी पहिला अहवाल पाठवला: अशा वस्तू आधीपासून आहेत, तुमचं त्यात नवीन काय ते सांगा. हा आमचा ठरलेला प्रश्न. यावर वकील चार पानं लिहितात आणि सुटतात.

शालिकनं त्याचा अर्थ असा घेतला की सरकार त्याला चोर म्हणतं आहे. आणि आमच्या गावाकडे चोरीचा आळ आला की माणूस एकच करतो. साक्षीदार गोळा करतो. त्यानं उत्तर पाठवलं की हे मी कोणाचं पाहून केलेलं नाही, अर्जाच्या आदल्या वर्षी मंडईत भर स्टेजवर सगळ्या गावासमोर दाखवलं आहे, आणि सारं गाव साक्ष द्यायला तयार आहे. मी ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला माणसं सहसा एकटी जातात. यानं गावाला हात लावायला बोलावलं होतं.

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, दिवसा दंडार, म्हणजे सोंगं घेतलेल्यांचा नाच, रात्री नाटक. ज्याच्याकडे जे दाखवण्यासारखं असेल ते तो मंडईत दाखवतो. सुनेची साडी असो की नवा बैल. तिथे दाखवलं म्हणजे जगाला दाखवलं, आणि कायदाही नेमकं तेच म्हणतो.

साहेबांनी सुनावणी लावली. सुनावणीला अर्जदार एकटा येतो किंवा वकील पाठवतो. शालिक रेल्वेनं अर्धा डबा माणसं घेऊन आला. शिदोरी होती, लाखोळीच्या डाळीचे वडे होते, आणि माझ्यासाठी चिन्नोर तांदळाची थैली होती, जी मी हात न लावता पहारेकऱ्याकडे ठेवायला लावली. साहेबांनी सांगितलं, खोलीत तिघंच. म्हणून शालिक आला, त्याची म्हातारी आई आली, आणि मंडईचे अध्यक्ष देवाजी आले. देवाजींचा आवाज असा की त्यांना लाउडस्पीकरची गरज नसावी.

आत जाण्यापूर्वी व्हरांड्यात शालिकनं मला गाठलं. "ताई, तुमी एकोडीच्या ना? तुमच्या सासूची मावशी आमच्या शेजारच्या घरी देल्ली होती." मी मागून येणाऱ्या साहेबांकडे पाहिलं. ते हसू दाबत म्हणाले, "इतकं चालतं." शालिक हळूच म्हणाला, "ताई, आत काय बोलू?"

परीक्षकानं अर्जदाराला शिकवायचं नसतं. मला दिसत होतं की हा आपल्या हातानं आपली वस्तू घालवायला आला आहे, आणि तोंड उघडायची सोय नव्हती. वाईट वाटत होतं, रागही येत होता. एवढंच म्हणाले, "खरं तेच बोला."

"खरंच बोलाले आलो ना ताई. म्हून तं साक्षीदार आनले."

साहेबांनी सुरुवात केली. "मंडईत तुम्ही हीच वस्तू दाखवली?"

उत्तर देवाजींनी दिलं. "हेच जी साहेब. मी सोता पुकारलं, आपल्या गावचा शास्त्रज्ञ शालिक आता पापनी दाखवते. हा कडी फिरवे, पापनी उघडे. कडी फिरवे, पापनी मिटे. पोट्टे टाळ्या वाजवून राहिले होते."

"ही तारसुद्धा होती?"

देवाजींनी शालिककडे पाहिलं. शालिक टेबलाकडे पाहत होता. "होती ना जी," देवाजी म्हणाले. "सारंच होतं. आमच्या शालिकचं काम कवाच अर्धं नसते."

एकेका वाक्यासरशी पेटंट जात होतं, आणि देवाजींचा चेहरा अभिमानानं फुलत होता. साहेबांनी समजावून सांगितलं की अर्जाआधी लोकांना दाखवलं तर हक्क राहत नाही, सरकारनं मान्य केलेल्या प्रदर्शनात दाखवलं असेल तरच थोडी सूट मिळते. देवाजी म्हणाले, "मंडई सरकारीच हाये साहेब. तहसीलदार साहेबानं रिबीन कापली होती. आन लाइन बी सरकारी होती, खांबावरून घेतली होती."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मी पाणी प्यायले.

शालिकचा चेहरा उतरला होता. त्याला आता कळलं होतं की आपण काय करून बसलो. मला राहवलं नाही. प्रश्न विचारायचा अधिकार मला होता, म्हणून विचारला, "त्या दिवशी याच कॅमेऱ्यानं फोटो काढले असतील ना? एखादा फोटो दाखवा. कडी कधी, कशी होती ते तरी ठरेल."

"फोटो नाहीत, ताई."

"का?"

"लॅबवाल्यानं रोल खराब केला. नागपूरच्या."

"सत्यानाश केला त्यानं," देवाजी म्हणाले. "त्या रोलात याच्या बापाचा फोटो होता जी. दंडारीत राजाचं सोंग घ्यायचा म्हातारा. डोक्शावर टोप, हातात तलवार, बाजूले ह्या आमच्या वयनी. मंडई झाली आन म्हातारा गेला. दुसरा फोटोच नाई त्याचा. फोटोग्राफरच्या घरी बापाचा फोटो नाई, सांगा आता."

शालिकची मान आणखी खाली गेली आणि कान लाल झाले. माझं सगळं आयुष्य, यंत्र कुठे अडतं ते शोधण्यात गेलेलं. माझ्या डोक्यात लख्ख झालं. ज्यानं झाकणाचं यंत्र बनवलं त्याचाच रोल जातो, आणि तोही झाकण दाखवल्याच्या दिवशी? मंडईत खेळ दाखवून झाल्यावर पापणी मिटलेली राहिली असणार. आणि तरीही बटण दबलं असेल, तर त्या दिवशी बटण अडवणारी तार नव्हतीच. आणि तार नव्हती, तर ती अजून नवी होती. पेटंट वाचत होतं. फक्त शालिकनं एवढं म्हणायला हवं होतं, की बापाचा शेवटचा फोटो लॅबवाल्यानं नाही, मी घालवला. आणि ते त्याला आईसमोर म्हणायचं होतं.

मी विचारलं, "रोल खराब झाला म्हणजे नेमकं काय झालं?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मी मनात म्हणत होते, बोल रे बाबा. हे शब्द त्याच्या तोंडात घालायचा मला अधिकार नव्हता, आणि त्या दिवशी मला माझ्या नोकरीचा जितका राग आला तितका कधी आला नाही.

"मी सांगू का जी?" म्हातारी म्हणाली.

साहेब म्हणाले, "सांगा, आजी."

"झाकन लागलं होतं."

शालिकनं वर पाहिलं.

"मी समोरच होती ना, याच्या बापाजवर. दोनी पाकर्‍या मिटल्या होत्या. हा मने, बाबा हालू नका, माय डोरे मिटू नको. मले वाटलं, आमाले डोरे उघडे ठेवाले सांगते आन यानं सोताचाच मिटला."

देवाजींनी आ वासला होता. "अवो वयनी, मंग तवाच सांगितलं काहून नाई?"

"एवढा मोठा फोटोग्राफर, त्याले मालूम नसन का? आन हालू नका मनलं होतं यानं. बोलली असती तं तोंड हाललं असतं."

साहेब पुढे झुकले. अत्यंत गंभीरपणे त्यांनी विचारलं, "आजी, झाकण लागलेलं असताना बटण वाजलं?"

"वाजलं ना. चट, चट. सारा रोल वाजवला यानं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी साहेबांकडे पाहिलं. इतकी चोख साक्ष मी कुठल्या बॅरिस्टरच्या तोंडून ऐकली नाही.

मग शालिक बोलला, पण साहेबांशी नाही. "माय, तुले मालूम होतं?"

"मालूम होतं."

"मंग एवढे दिवस मी लॅबवाल्याले शिव्या देऊन राहिलो होतो, तं..."

"मनलं देऊ दे. तो नागपूरले हाये, त्याले कोठं आयकू येते."

शालिकनं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. साहेबांना म्हणाला, "तार बाबा गेल्यावर बसवली साहेब. मंडईत नव्हती. दुसऱ्या कोनाच्या बापाचा फोटो असा जाऊ नये म्हून बसवली." देवाजी घसा खाकरून म्हणाले की तार होती असं आपण बोललो ते साक्षीतून काढून टाकावं, ते मैत्रीत बोललो. साहेब म्हणाले, काढलं.

निकाल असा झाला. उघडमीट करणाऱ्या पाकळ्या मंडईत दाखवल्या गेल्या होत्या, तेव्हा त्यांच्यावर शालिकचा हक्क नाही, त्या कोणीही बनवाव्यात. बाहेरून चढणाऱ्या कडीची तार, जी बटण अडवते, ती नवी आहे, दावा तेवढ्यापुरता राखावा. मी तो व्हरांड्यात समजावून सांगितला. देवाजींनी बाहेर थांबलेल्या मंडळींना तो आपल्या आवाजात ऐकवला, "पापनी गावाची, तार शालिकची!" मग सगळ्यांनी वडे खाल्ले. साहेबांनीही खाल्ला एक. निकाल आधीच लिहिलेला असल्यामुळे त्यात काही गैर नव्हतं.

आता खरं सांगायचं तर त्या पेटंटचा शालिकला काडीचा उपयोग झाला नाही. सरकारी कारभारानं प्रमाणपत्र छापून त्याच्या हाती पडेपर्यंत रोलचे कॅमेरे बाजारातून उठले होते आणि लोक मोबाइलनं फोटो काढू लागले होते. आम्ही तपासणारे जरा लवकर हललो असतो तर त्याच्या चार कड्या तरी विकल्या गेल्या असत्या. ही रुखरुख मला आहे, आणि ती एकट्या शालिकपुरती नाही.

निवृत्तीनंतर एकोडीला निघाले होते, तेव्हा वाट वाकडी करून मोहाडीला उतरले. शालिकचा स्टुडिओ तिथेच आहे, आता पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सचा. भिंतीवर प्रमाणपत्र फ्रेममध्ये. त्याच्या शेजारी त्याहून मोठी फ्रेम, तिला झेंडूचा हार, आणि आत नुसता काळा कागद.

"माय मनाली, मोठा करून लाव," शालिक म्हणाला. "निगेटिव्ह कोरीच होती. कोऱ्या निगेटिव्हचा प्रिंट काराच येते."

म्हातारी आता खूप थकली आहे. कोपऱ्यातल्या खुर्चीतून उठून ती माझ्याजवळ आली आणि काचेवर बोट ठेवून मला दाखवू लागली. "हे इथं मी. हा इथं राजा. टोप थोडा वाकडा बसला होता त्याचा, पाह्य." मी पाहिलं. मान डोलावली. तिनं तलवारही दाखवली.

निघताना शालिकनं हट्ट धरला, ताई, माझ्या जुन्या कॅमेऱ्यानं तुमचा एक फोटो. कुठून तरी शेवटचा रोल त्यानं जपून ठेवला होता. कडी चढवली, तारेवरून बोट फिरवलं. आम्ही दोघी त्या काळ्या फ्रेमखाली उभ्या राहिलो. तो म्हणाला, "हालू नका." म्हातारी समोर बघत ताठ उभी राहिली, ओठ जराही न हलवता, दातातल्या दातात म्हणाली, "उघडं हाये ना रे?"